मास्तरणीच्या पट्ट्या

माझ्या धाकट्या बहिणीला घरात सगळे मास्तरीण म्हणतात. मास्तरकीची नोकरी तिने कधी केली नाही. केली ती नकाशे छापणाऱ्या एका कारखान्यात, छापून आलेल्या कागदांचे रंग तपासायची. पण लहानपणापासूनची खोडच अशी, की समोरच्याला काहीतरी समजावून सांगितल्याशिवाय हिला घास गिळवत नाही. आमच्या मांजराला ती दुधावर साय का येते ते समजावायची. मांजर ऐकायचंसुद्धा, कारण साय हिच्या हातात असायची.

मी थोरली. माझं रफूचं दुकान आहे, एका लाँड्रीच्या बाजूला, जिन्याखालच्या खोलीत. लाँड्रीवाल्याकडे फाटकं काही आलं की तो माझ्याकडे पाठवतो. लग्न केलं नाही, पोरंबाळं नाहीत, आणि तोंडाची मी फटकळ, त्यामुळे नातेवाईक बेताचे. एक बहीण, तिचा नवरा आणि तिची मुलगी. मुलगी जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून ठिपकी. आता चांगली उंच झाली तरी नाव तेच.

मास्तरणीचं सांगायचं तर तिच्या शाळेपासून सांगायला हवं. शाळेत असताना ती किड्यांचे पंख जमवायची. मेलेल्या भुंग्यांचे, टाचणीएवढ्या माश्यांचे, कसले कसले. बुटाच्या खोक्यात कापूस घालून नीट मांडलेले. एकदा वर्गात खोकं घेऊन गेली, तर मास्तरांनी ते सगळ्यांसमोर कचऱ्याच्या डब्यात उपडं केलं आणि म्हणाले, आता पाढे म्हण. घरी येऊन तिने सांगितलं तर आमचे वडील म्हणाले, "बरं झालं, घाण गेली." त्या दिवशी ती रडली नाही. रिकामं खोकं पलंगाखाली सरकवलं आणि पाढे पाठ करत बसली. पुढे मोठेपणी मला एकदा म्हणाली, "ताई, पंख गेल्याचं काही नाही गं. पण एकानेही विचारलं नाही, की तुला यात काय आवडतं म्हणून."

हे वाक्य लक्षात ठेवा. हिचा सगळा संसार त्या एका वाक्यावर उभा राहिला आणि त्याच वाक्यावर बसला.

ठिपकी शाळेत जायला लागली आणि घरी येऊन बोलेनाशी झाली. सकाळी पोटात दुखायचं, दुपारी सुटलं की थांबायचं. मास्तरणीने थोडे दिवस वाट बघितली आणि मग नोकरी सोडून पोरीला घरी बसवलं. मी घरीच शिकवणार, म्हणाली. नवरा लिफ्टच्या कंपनीत मेकॅनिक, दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला. तो म्हणाला, "बघ बाई, तुला जमत असेल तर." गरीब माणूस. बायकोपुढे त्याची लिफ्ट नेहमी तळमजल्यावरच.

तिची पद्धत मात्र पक्की होती. मुलीला जे आवडेल तोच विषय. तिला घुबड आवडलं, तर गणित घुबडाचं, भाषा घुबडाची, चित्र घुबडाचं. आणि विषय सुरू झाला की बैठकीच्या भिंतीवर रंगीत कागदाची पट्टी लागायची. कारखान्यातून आणलेले उरलेसुरले कागद होते, त्यांच्या ती पट्ट्या कापायची. विषय चालेल तितके आठवडे पट्टी बोटबोट वाढवायची. मुलीला कंटाळा आला की तिने म्हणायचं, "झालं माझं." एकदा हे म्हटलं की संपलं. का, कसं, असं विचारायचं नाही, रागवायचं नाही. त्या विषयाचं सगळं सामान खोक्यात भरून माळ्यावर, आणि पट्टी तिथल्या तिथे थांबली. जबरदस्ती अशी कधीच नाही. हा नियम तिने स्वतःला घालून घेतला होता आणि कधी मोडला नाही, हे मी तिची बहीण असूनही मान्य करते.

अडचण एकच होती. पट्ट्या आखूडच राहायच्या.

घुबड दोन बोटं. साबण तीन बोटं. पूल जरा बरा चालला, मग तोही खाली आला. ज्वालामुखीने तर सुरू होताच मान टाकली. भिंत अशी दिसायची जशी कुणी रंगीत दातवणं चिकटवलीत. नवरा जेवताना म्हणायचा, "नव्याचे नऊ दिवस म्हणतात. आमच्याकडे सहावर आलंय." मास्तरीण हसायची नाही. कारण तिच्यासारख्याच घरी शिकवणाऱ्या बायकांचा एक गट होता, आणि त्या गटात एकच मोजमाप चालायचं: तुमचं मूल एका विषयात किती टिकतं? एकीचा मुलगा वर्षभर मधमाश्यांवरच होता. दुसरीची मुलगी ताऱ्यांवरून खाली उतरायलाच तयार नव्हती. "आमच्याकडे अजून तेच चाललंय बाई, काय करावं," असं तक्रारीच्या सुरात सांगायचं आणि आतून फुगायचं. तिथून मास्तरीण परत आली की तिचा चेहरा उतरलेला असायचा. "माझंच काहीतरी चुकतंय ताई," म्हणायची. "आवड मला ओळखताच येत नाही."

काखेत कळसा अन् गावाला वळसा. आवड कुठे होती ते मला ठाऊक होतं. माझ्या दुकानात, माझ्या समोरच्या स्टुलावर बसलेली असायची.

गटाची बैठक असली की मास्तरीण ठिपकीला माझ्याकडे सोडायची. आधी पोरगी नुसती बघत बसायची. मी कुणाला शिकवणारी नव्हे. मला कामात बोलायचा कंटाळा, एवढंच. मग एक दिवस तिने टेबलावरची सुई उचलली आणि चिंधीला लावली. मी काही म्हटलं नाही. पुढच्या वेळी पुन्हा उचलली. रफू म्हणजे काय, तर कापड फाटलेल्या जागी पुन्हा विणायचं: आधी उभे धागे भरायचे, मग आडवा धागा एकावरून, एकाखालून काढत जायचा. आणि धागा बाहेरचा घ्यायचा नाही. त्याच कपड्याच्या दुमडीतून, जिथे कुणी बघत नाही तिथून, काढून घ्यायचा. मग रंग जुळतो, जुनेपणाही जुळतो. हे मी तिला सांगितलं नव्हतं. तिने एकदा माझ्या हाताकडे बघितलं आणि तिचं तिने उचललं. चुकलं की उसवायची आणि पुन्हा बसायची. कंटाळा हा शब्द त्या जिन्याखाली मी तिच्या तोंडून कधी ऐकला नाही. अशी वर्षं गेली.

सुरुवातीलाच तिने मला बजावलं होतं, "मावशी, आईला सांगू नकोस हं. ती पट्टी लावेल."

मी हसले. पोरगी हसली नाही.

पुढे पुढे तर ती मला सल्ला विचारायला लागली. दातात धागा धरून म्हणायची, "मावशी, पुढच्या आठवड्यात काय आवडून घेऊ गं?"

"म्हणजे?"

"भूकंप संपवायचाय. आईला प्राणी बरे वाटतात. वटवाघूळ चालेल?"

"चालेल की. उलटं लटकतं, तेवढाच घरात बदल."

मग वटवाघळाची पट्टी लागायची. मास्तरीण उत्साहाने वाचनालयात धावायची, चित्रं आणायची, वटवाघळाच्या वजनाचे भागाकार करून घ्यायची. आणि ठिपकी त्या खोट्या आवडीच्या आडोशाला आपली खरी आवड सांभाळून होती. मला हसू यायचं आणि बहिणीची कीवही यायची. पण मी मिठाची गुळणी धरली. आणि उघड सांगते, माझाही जीव त्या स्टुलात अडकला होता. माझे डोळे आता बारीक विणीला दगा देतात. काळ्या कापडावर काळा धागा दिसेनासा झालाय. माझ्यामागे हे टेबल पोरगी चालवेल असं मनाने धरून टाकलं होतं. कुणाला न विचारता.

एका रविवारी त्यांच्याकडे जेवायला गेले होते. मेहुण्यांना दुपारी कंपनीच्या कार्यक्रमाला जायचं होतं, कोट खुर्चीवर टाकलेला. त्या कोटाचा कोपर लिफ्टच्या दाराच्या पट्टीत अडकून फाटला होता. मास्तरीण म्हणाली, "अहो, फाटका कोट कसा घालणार? ताईकडे टाका म्हणून किती वेळा सांगितलं." पण जेवता जेवता गाडी भलतीकडेच वळली. वटवाघूळ आदल्याच दिवशी संपलं होतं, आणि मेहुणे कधी नव्हे ते ठाम बोलले.

"मी ठरवलंय. नव्या वर्षी तिला शाळेत घालायचं. पोरगी कशातच टिकत नाही. रागावू नकोस, पण हे शिक्षण नाही, ही भिंत रंगवणं झालं."

मास्तरीण पानातला भात बोटाने गोळा करत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, आवाज न करता. मी तिला इतकी वर्षं ओळखते, मास्तरांनी खोकं उपडं केलं तेव्हाही न रडलेली माझी बहीण. "बरोबर आहे तुमचं," ती एवढंच म्हणाली. "मला जमलं नाही."

ठिपकीने एकदा आईकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मी मान हलवली, नको म्हणून. पण ती उठली, कोट आणला आणि बापाच्या मांडीवर ठेवला.

"बाबा, फाटलेलं शोधा."

मेहुण्यांनी कोपर चाचपला. दुसरा चाचपला. उजेडाकडे धरला. "अरेच्चा! ताई, हे तुम्ही कधी केलंत?"

"मी नाही केलं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"मी केलं," ठिपकी म्हणाली. "आई बैठकीला गेली होती तेव्हा. मला येतं. मी मावशीकडे किती वर्षं करतेय. बाबा, मी टिकते. आईला जमलंय."

पोरीने आईसाठी आपली पुंजी मोडली. एवढं सोन्यासारखं लेकरू. आणि मास्तरीण तिला पोटाशी धरून हसतही होती, रडतही होती. मला वाटलं, आता तरी हिला कळेल की काय झालं ते.

कशात काय अन् फाटक्यात पाय. त्याच संध्याकाळी भिंतीवर पट्टी लागली. मागचा हिशेब धरून लावली, म्हणजे सगळी वर्षं. दारापासून निघाली ती खिडकी ओलांडून कपाटाच्या मागे गेली. गडद जांभळी, सगळ्यात चांगल्या कागदाची. मेहुणे त्या पट्टीपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "शाळेचं राहू दे मग."

पुढच्या आठवड्यापासून रफू हा विषय झाला. धाग्यांचं गणित: एका बोटात किती उभे, किती आडवे, तर तळहाताएवढ्या भोकात किती? कापसाचा इतिहास. लोकरीचा भूगोल. 'माझी सुई' यावर निबंध. ठिपकीने निबंध लिहिला, मी वाचला, मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलतात तसा होता. दुकानात ती यायची ती आता आईबरोबर. मास्तरीण बाजूला खुर्ची घेऊन बसायची आणि मऊ आवाजात विचारायची, "आत्ता काय वाटतंय तुला, हा धागा ओढताना? का आवडतं तुला नेमकं? आठव बरं, पहिल्यांदा कधी वाटलं?"

"अगं, तिला टाका घालू दे," मी म्हटलं.

"मी अडवतेय का ताई? मी फक्त विचारतेय."

खरंच, फक्त विचारतच होती. ना रागावणं, ना घाई. एखाद्या मास्तराने छडी मारली असती तर पोरीला निदान ओरडता तरी आलं असतं.

मग गटाच्या सगळ्या बायका पोरांना घेऊन माझ्या दुकानात आल्या. मला मास्तरणीने आधी नुसतं "दोघीचौघी येतील" म्हणून सांगितलं होतं. जिन्याखाली पाय ठेवायला जागा राहिली नाही. लाँड्रीवाला बाहेर येऊन विचारून गेला, कुणी गेलं का म्हणून. एका पोराने माझी रिळं लावून आगगाडी केली. मधमाशीवालीने ठिपकीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "इतकी वर्षं एकाच विषयात! आमचा तर आता मधमाश्यांचं नाव काढू देत नाही. काय रहस्य आहे गं तुझं?" मास्तरीण मागे उभी, चेहरा उजळलेला. तिच्या आयुष्यात तिच्याकडे कुणी असं बघितलं नव्हतं. मला तिचा आनंद दिसत होता, आणि तिला थोबाडावीशीही वाटत होती.

"करून दाखव ना," ती ठिपकीला म्हणाली.

ठिपकीने करड्या कापडाचा तुकडा घेतला. उभे धागे भरले. आडवा धागा काढायला लागली आणि मध्येच थांबली. पुन्हा सुरू केलं, तर धागा जास्त ओढला गेला आणि कापडाला चुणी पडली. इतक्या वर्षांत तिच्या हातून चुणी पडलेली मी पाहिली नव्हती. तिने ती उसवली नाही. चुणीसकट पुरं केलं, टेबलावर ठेवलं, बायकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या रात्री जेवताना ती म्हणाली, "आई, झालं माझं."

हे मला मेहुण्यांनी सांगितलं. मास्तरणीला आधी वाटलं, जेवण झालं म्हणतेय. मग कळलं. आणि नियम म्हणजे नियम. का, कसं, विचारायचं नाही. बिचारीने विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी खोकं घेतलं आणि रफूचं सगळं सामान भरलं: चिंध्या, रिळं, तक्ते, निबंध. मी ठिपकीला दिलेली माझी बारीक कात्री आणि सुयासुद्धा. आणि माळ्यावर ठेवून आली.

मला कळलं तशी मी दुकान टाकून तिच्या घरी गेले. मास्तरीण जांभळ्या पट्टीसमोर खाली बसली होती.

"समाधान झालं?" मी म्हटलं. "तुझ्या मास्तराने तुझं खोकं उपडं केलं. तू तुझ्या लेकीचं उघडून गावाला दाखवलंस. अति तिथे माती, हे मांजरालासुद्धा कळतं गं."

"मी फक्त विचारत होते ताई," ती म्हणाली. "मला कुणी विचारलं नव्हतं ना."

  मी पाणी पिऊन निघाले.

ठिपकी जिन्यात बसली होती. मी तिच्याजवळ टेकले. हळूच म्हटलं, "आता विषय संपला. आता कुणी विचारणार नाही. तू आपली पहिल्यासारखी येत जा. माझ्याकडे दुसरी कात्री आहे."

तिने नाही म्हटलं. "मावशी, आता सुई धरली ना, की आईचा आवाज येतो. का आवडतं, का आवडतं. मला माहीतच नाही का आवडायचं ते. आधी माहीत नसलं तरी चालायचं."

शाळेत जाईन असं तिने स्वतःच सांगितलं. बापाला आश्चर्य वाटलं. मला म्हणाली, "शाळेत बरं असतं. तिथे कुणाला काही आवडत नाही." आता सकाळी तिचं पोटही दुखत नाही. बरे मार्क मिळतात. मास्तरीण पुन्हा कारखान्यात जाते, तीच नोकरी, रंग तपासायची. भिंतीवरच्या बाकीच्या पट्ट्या तिने काढल्या. जांभळी तेवढी ठेवली. पाहुणा आला आणि विचारलं तर म्हणते, "माझ्या मुलीची आहे." पुढे सांगत नाही. लहानपणापासून पहिल्यांदाच ती एखादी गोष्ट समजावून सांगत नाही.

परवा दुपारी ठिपकी दुकानात आली. दप्तर पाठीला. आत आली नाही, गिऱ्हाईक उभं राहतं तिथे टेबलाच्या पलीकडे उभी राहिली आणि पिशवीतून शाळेचा स्कर्ट काढला. बाकाच्या खिळ्याला लागून फाटलेला.

"मावशी, हे रफू करायचंय."

मी स्कर्ट बघितला. अर्ध्या तासाचं काम. तिच्या हाताला त्याहून कमी. मी स्टूल पायाने तिच्याकडे सरकवलं. "बस की. तूच कर."

"नको. उशीर होईल." स्टुलाकडे तिने बघितलंसुद्धा नाही. "कधी मिळेल?"

माझा असा संताप झाला. कुणाचा ते सांगता येणार नाही. बहिणीचा, त्या बायकांचा, त्या कचऱ्याच्या डब्यात खोकं ओतणाऱ्या मास्तराचा. पण पोरीवर काय काढायचा? सगळ्यांना सांगते तेच सांगितलं.

"सोमवारी ये."

"बरं."

ती पायरी उतरली. मग थांबली, मागे वळली आणि घाईघाईने म्हणाली, "मावशी, धागा रिळातला नको घेऊस. दुमडीतला घे. डावीकडच्या, तिथलं कापड फाटल्या जागेइतकंच विटलंय."

आणि हे तोंडातून निघालं तशी दचकली, आणि कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून तिने आधी रस्त्याकडे बघितलं.